बिनअस्तर

शेडवर अजून जुनाच बोर्ड आहे:
साईछाया प्लास्टिक्स, झाकणे व बुचे.
खाली कागद, सेलोटेपनं चिकटवलेला: बिनअस्तर.
हे कपड्यांच्या कंपनीचं नाव.
वाळूजला, टायरवाल्याच्या मागं.

मी आधी गाड्यांच्या वायरी बांधायचे.
लाल, पिवळी, काळी, टेप, क्लिप, पुढची.
आता तेच काम कोटाच्या बाहीत.
चांदीचा मुलामा दिलेला दोरा, केसाएवढा.
डाग असा द्यायचा की जोड बसावा
आणि कापडाला कळू नये.
आमच्याकडं दागिन्यालाही डागच म्हणतात.

ऋजुला मॅडम म्हणतात, कपडा म्हणजे प्रश्न.
मी म्हटलं, धुवायचा कसा?
हसल्या. वहीत लिहून घेतलं.

एक झगा आहे, लाइट गेली की उजळतो.
एक ओढणी, कुणी मोठ्यानं बोललं की आखडते.
एप्रिलात, तापल्या पत्र्याखाली,
जनरेटरच्या आवाजाला भिऊन
दिवसभर मुठीएवढी होऊन बसली होती.
तिला उलगडायला मी तिच्याशी
हळू बोलले. काय बोलले ते सांगत नाही.

आणि सात नंबरचा करडा कोट.
कुणाचा हात लागला की ध्यानात ठेवतो,
कुठं, किती जोरात, किती वेळ.
कुणाचा, ते त्याला कळत नाही.
‘एक साधा दिवस पाहिजे,’ मॅडम म्हणाल्या,
‘मॉडेलचा नको. कालिंदाबाई, तुमचा द्या.’

दिला.
बेचाळीस डिग्रीत कोट घातलेली बाई!
रांजणगावची पोरं नाक्यापर्यंत मागं आली.
सहा आसनी रिक्षात मी दहावी.
रेशनच्या मशीनवर अंगठा उठेना,
दुकानदारानं बाहीला धरून दाबला.
शहागंजात मनियार चाचीकडं बसले,
डझनभर हिरव्या, दोन फुटल्या,
तिनं त्या हिशोबात धरल्या नाहीत.

रात्री मुजम्मिलनं वायर जोडली.
पडद्यावर मी, नुसती कड काढलेली.
कोपरं लालभडक. उजवा खांदा केशरी, तो रिक्षाचा.
अंगठ्यापाशी एक ठिपका.
पाठ कोरी.
त्यानं वायर काढली, फुंकली, परत लावली.
‘मागचं सर्किट गेलंय बहुतेक.’
मागचे सगळे डाग मीच दिले होते.
काही गेलेलं नव्हतं.

मॅडमचं बोट डाव्या हातावर थांबलं.
मनगटाच्या वर, चार मिनिटं अकरा सेकंद.
‘हे कोण?’
‘बांगड्या भरल्या,’ म्हटलं.
त्या किती वेळ बघतच राहिल्या.
मग पायात काही भरल्यासारख्या
शेडभर फिरायला लागल्या:
हाच नमुना विणायचा, असाच्या असा,
पाठ मोकळी ठेवायची, दिवा नाही, दोरा नाही,
बर्लिनच्या प्रदर्शनात मधोमध टांगायचा,
संकल्पना हीच, बाई, संकल्पना हीच!
मला पेढा दिला.
मी तो ओच्यात बांधून घरी नेला
आणि खाल्ला, गोड होता.

पॅकिंगच्या आदल्या दिवशी
गुलमंडीतून सव्वा मीटर पॉपलीन आणलं,
फुलाफुलांचं, माझ्या पैशानं.
सगळे गेल्यावर कोट उलटा केला.
पाठीला आतून अस्तर लावलं,
बारीक टाके, दोन तास.
सुई बोटात गेली तेव्हा
बाहीवर एक ठिपका लागला असेल.

सकाळी मुजम्मिल ओरडला,
‘मॅडम, पाठीवर काहीतरी येतंय.
हलकं. सारखं. थांबतच नाही.’

मॅडमनी कोट उलटा केला.
फुलं बघितली.
दारातून बाहेर जाऊन बोर्डावरचा कागद बघून आल्या.
मी मान वर केली नाही,
इस्त्री गरम होती, हातातलं काम होतं.

‘याचा रंग जातो का?’ त्यांनी विचारलं.
‘पहिल्या धुण्याला जातो,’ म्हटलं.
‘मग नाही.’